घरचा पाना : चाकावरची पांढरी भुकटी

पोखर्णीला भाईजानच्या अंगणात एका बाजूला गोठा आहे, दुसऱ्या बाजूला पत्र्याखाली खताच्या गोण्या, आणि या दोन्हींच्या मध्ये गेली अकरा वर्षं मोटारसायकल उभी असते. याच गाडीवर त्यांनी शेतात खत नेलं, गंगाखेडचा बाजार केला, अम्मींना परभणीच्या दवाखान्यात आणलं-नेलं. यंदा ती विकायची ठरली. पुतणीला परभणीत फार्मसीला प्रवेश मिळाला आहे आणि फीचा पहिला हप्ता भरायचा आहे.

जुन्या गाड्यांचा एक दलाल येऊन बघून गेला. इंजिनाचा आवाज त्याला पटला. मग खाली वाकून त्याने चाकांवर बोट फिरवलं. बोटाला पांढरी भुकटी लागली. "मॅकव्हील सडलेत," तो म्हणाला, "अठरा हजार देतो. चमकवून ठेवा, मग बावीस-तेवीसला कुणीही घेईल." तो गेल्यावर भाईजाननी मला फोन केला. "तू मासिकात पाने-पेंचीसचं लिहितोस ना? आता ये आणि करून दाखव."

जुम्माची नमाज परभणीतच पढून मी संध्याकाळी पोखर्णीला पोहोचलो. शनिवार आणि रविवार असे दोन दिवस त्या चाकांवर गेले. काय केलं, काय करू नये, आणि शेवटी काय निघालं, ते या महिन्यात सांगतो. तुमच्याही दारात अशी एखादी गाडी असेलच.

ही भुकटी आहे तरी काय?

आपण ज्याला मॅकव्हील म्हणतो ते अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं ओतीव चाक. ओतकामासाठी बहुधा अॅल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि अगदी थोडं मॅग्नेशियम घातलेलं असतं. लोखंडासारखा तांबडा गंज याला चढत नाही, म्हणून लोक समजतात की अॅल्युमिनियम गंजतच नाही. तसं नाही. हवा लागताच अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर बसतो. हा थर घट्ट असतो आणि खालच्या धातूचं रक्षण करतो. लोखंडाचा गंज पापुद्रे सोडून आत आत जातो, अॅल्युमिनियमचा थर मात्र झाकणासारखा बसून राहतो.

हे झाकण मोडणाऱ्या गोष्टी मोजक्या आहेत : मीठ, आम्ल, क्षार आणि साचून राहिलेली ओल. भाईजानच्या अंगणात या चारही आहेत. पोटॅशची गोणी गाडीवर नेली की थोडी सांडतेच, आणि शेतात जास्त करून वापरलं जाणारं पोटॅश म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश, पोटॅशियम क्लोराइड. ते मिठाचंच भावंड. गोठ्यातलं मूत्र चाकावर उडतं, त्यात क्षार आणि अमोनिया. गल्लीतली कुत्री रोज त्याच चाकाशी पाय वर करतात. आणि वर आपली काळी माती. ती पावसाळ्यात मडगार्ड आणि चाकाच्या मध्ये लाडवासारखी चिकटून बसते आणि वरून वाळली तरी आतून दिवसेंदिवस ओली राहते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ज्या मातीवर १९७२ पासून काम करतं आहे, त्या मातीचा ओल धरून ठेवण्याचा गुण पिकाला वरदान आहे. चाकाला नाही.

भगिनींना हे वेगळं सांगायला नको. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात रात्रभर बोअरचं पाणी राहिलं की आतून काळं पडतं, आणि मीठ घातलेला पदार्थ राहिला की बारीक टोचल्यासारखे खड्डे पडतात. चाकाचं दुखणं तेच आहे.

आधी ओळखा, मग हात लावा

चाकावरचं सगळं पांढरं एकच नसतं. चार प्रकार आहेत.

पहिला, पाण्याचे डाग. बोअरच्या जड पाण्याने गाडी धुतली आणि उन्हात वाळू दिली की चुन्याचे ठसे राहतात. चिंचेच्या कोळात किंवा लिंबाच्या रसात फडकं भिजवून दोन-तीन मिनिटं चोळलं की हे जातात. मग लगेच साध्या पाण्याने धुवायचं. अम्मी अॅल्युमिनियमच्या भांड्यांना चिंच लावायच्या ती याचसाठी.

दुसरा, उघड्या धातूवरची भुकटी. रंग किंवा लॅकर जिथे उडालं आहे तिथे ती येते, हाताला खरखरीत लागते आणि पुसली तरी काही दिवसांत परत येते.

तिसरा, लॅकरच्या खाली पसरलेल्या बारीक, वळवळत गेलेल्या रेषा. पानावर अळीने पोखरावं तशा. खडी लागून लॅकरला टवका गेला की तिथून ओल आणि क्षार आत शिरतात आणि लॅकरच्या खालून पुढे सरकत जातात. वरून कितीही पॉलिश लावा, उपयोग नाही. लॅकर काढल्याशिवाय हे थांबत नाही.

चौथा, खड्डे. इथे धातूच खाल्ला गेलेला असतो. वरवरचे असतील तर चालतात. टायर जिथे चाकाला टेकतो त्या कडेवर असतील तर ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू निघत राहते. पंक्चर सापडत नाही, तरी दर चार दिवसांनी हवा भरावी लागते, ती बऱ्याचदा यामुळे. कडेला साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील.

काय लावू नये

हे आधी सांगतो, कारण घरातल्या बाटल्या हाताशी असतात आणि मोह होतो.

संडास धुण्याचं अॅसिड अजिबात नको. ते हायड्रोक्लोरिक अॅसिड असतं. दोन मिनिटं चाक पांढरंशुभ्र दिसतं, पण संरक्षक थर जातो आणि क्लोराइड सांदीकोपऱ्यात राहून पुढे काम करत बसतं. कॉस्टिक सोडाही नको. अॅल्युमिनियम त्यात विरघळतं, फेस येतो, आणि तो वायू हायड्रोजन असतो, पेट घेणारा. भांडी कलईला देताना वापरतात तो नवसागरही नको. तांब्या-पितळेला तो चालतो, अॅल्युमिनियमला नाही.

बाजारात "चाक चमकवणारं" म्हणून सुटं विकतात ते पाणी तर लांबच ठेवा. अशा काहींमध्ये हायड्रोफ्लोरिक अॅसिड किंवा त्याचे क्षार असतात. ते कातडीवर पडलं तर सुरुवातीला फारसं जळतही नाही, पण कातडीतून आत जाऊन शरीरातल्या कॅल्शियमवर हल्ला करतं. दुखायला लागेपर्यंत काही तास गेलेले असतात. चुकून लागलं तर भरपूर पाण्याने धुवून लगेच दवाखाना गाठायचा, आणि डॉक्टरांना बाटली दाखवायची. ज्या घरात लहान मुलं आहेत त्या घरात ही बाटली असूच नये.

लोखंडी तारेचा ब्रशही नको. त्याचे बारीक कण अॅल्युमिनियममध्ये रुततात आणि ओल मिळाली की दोन धातूंच्या संगतीने गंज अधिकच वाढतो. जुना दात घासायचा ब्रश, नायलॉनचा ब्रश आणि भांडी घासायचा हिरवा स्क्रबर एवढ्यावर काम होतं.

शनिवार : धुणं आणि उघडं करणं

चाक गार असताना सावलीत काम सुरू केलं. गाडी मेन स्टँडवर घेतली, आधी साध्या पाण्याने चिखल भिजवला. सुकी माती खरवडू नका, वाळूने लॅकरवर रेघा उठतात. ब्रेकजवळची काळी भुकटी कधीही फुंकून किंवा कोरड्या ब्रशने उडवू नका. काही ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडकं टाकून द्या.

मग चौकातल्या पंक्चरवाल्याकडून दोन्ही चाकं उतरवली, टायर काढून घेतले. एक्सल, चेन आणि ब्रेकची जोडणी ज्याला येते त्यानेच करावी, पन्नास-शंभर रुपये वाचवण्यासारखी ही जागा नाही. बेअरिंगमध्ये पाणी जाऊ नये म्हणून दोन्ही बाजूंना प्लास्टिक आणि चिकटपट्टी लावली.

जुनं लॅकर आणि रंग काढण्याचे दोन मार्ग आहेत : पेंट रिमूव्हर किंवा घासकाम. रिमूव्हर लवकर काढतो, पण त्याची वाफ वाईट असते. उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करावं. आम्ही घासलो. वॉटर पेपर पाण्यात भिजवून आधी २२० नंबरचा, मग ३२०, मग ४००, शेवटी ६००. नंबर वाढतो तसा पेपर बारीक होत जातो, आणि प्रत्येक नंबरने आधीच्या नंबरच्या रेघा मिटवायच्या असतात. मधला नंबर गाळला की रंगाखालून रेघा दिसतात. रंग द्यायचा असेल तर ६०० ला थांबा. रंग न देता आरशासारखी चमक हवी असेल तर पुढे ८००, १०००, १५००, २००० आणि मग मेटल पॉलिश.

ओलं घासण्याचं आणखी एक कारण आहे. अॅल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ पेट घेऊ शकते. ओल्याने ती उडत नाही, छातीतही जात नाही.

खड्ड्यांच्या मागे लागून धातू खरवडत बसू नका. चाकाची जाडी कमी करून मिळवलेली गुळगुळीत कड काय कामाची? चार खड्डे राहिले तर राहू द्या.

पुढचं चाक संध्याकाळपर्यंत छान निघालं. भाईजान खाटेवर बसून बघत होते. "बावीस नक्की," ते म्हणाले.

ती रेघ

मागचं चाक मी मगरिबनंतर बल्बखाली घेतलं. एका आऱ्याच्या मुळाशी, जिथे तो हबला मिळतो, पांढऱ्या भुकटीची एक सरळ रेघ होती. मला वाटलं लॅकरखालची अळी. पण अळी वळवळत जाते, ही सरळ होती. ४०० च्या पेपरने भुकटी गेली, रेघ राहिली. केसाएवढी.

अशा वेळी डोळ्यावर विश्वास ठेवायचा नाही. इंजिनाचं हेड दुरुस्त करणाऱ्या वर्कशॉपमध्ये यासाठी तीन डब्यांचा संच असतो : साफ करणारं, लाल रंग, आणि वर मारायची पांढरी भुकटी. पोखर्णीत रात्री तो कुठून आणणार? मग जुनी रीत केली. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये पूर्वी चाकं आणि एक्सल तपासायला तेल आणि खडूची भुकटी वापरत. वस्तू तेलात भिजवायची, कोरडी पुसायची, वर खडू फासायचा. भेग असेल तर आत शिरलेलं तेल बाहेर येऊन खडूवर काळसर रेघ उमटवतं. परभणी-परळी मार्गावरची गाडी पोखर्णीच्या स्टेशनात थांबते, तिच्याच कारखान्यातली ही विद्या.

मी रेघेवर डिझेल लावलं, अर्धा तास राहू दिलं, कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसलं आणि पुतणीच्या कंपासपेटीतला खडू कुटून वर फासला. सगळे बघत बसलो. दहा मिनिटांत खडूवर सव्वा इंचाची ओली रेघ उठली.

भेगच होती. खताच्या गोण्या, खड्ड्यांचा रस्ता, आणि वर्षानुवर्षं गंजाने पोखरलेली तीच जागा. चाक प्रत्येक फेऱ्यात वाकतं आणि सुटतं, नजरेला न दिसण्याइतकं. लाखो फेऱ्यांनंतर कमकुवत जागी भेग सुरू होते आणि पुढे सरकत राहते. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नवीन अलॉय चाकांची चाचणी घेतात तेव्हा चाक नुसतं दाबून बघत नाहीत, भाराखाली सतत फिरवत ठेवतात आणि आदळूनही बघतात, ते याचसाठी.

"रंगाखाली कुणाला दिसतंय?"

भाईजान थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "एवढीशी तर आहे. पुट्टी भर, वरून रंग मार. अकरा वर्षं चाललं ना?"

त्यांना मी दोष देत नाही. फीची तारीख जवळ होती, आणि मागचं चाक नवीन घ्यायचं तर चार हजाराचा खड्डा. वेल्डिंग करून घेऊ का, असंही त्यांनी विचारलं. वेल्डिंगने भेग बुजल्यासारखी दिसते, पण ही चाकं ओतल्यावर विशिष्ट तापमानाला तापवून, थंड करून कठीण केलेली असतात. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचं कठीणपण जातं. कडेचा एखादा टवका भरण्याची गोष्ट निराळी. आऱ्याच्या मुळाशी वेल्डिंग केलेल्या चाकावर माणूस बसवू नये.

भाभी ओट्यावर भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दूधवाला पोरगा विचारून गेला ना गाडीचं? तो दोन्ही बाजूंना कॅन बांधणार. मागे बायको बसणार." त्या पुढे काही बोलल्या नाहीत.

रात्री इशाहून परतताना भाईजान आणि मी याच विषयावर बोलत आलो. त्यांचा प्रश्न योग्य होता आणि तो इथे मांडतो, कारण तो प्रत्येक विक्रेत्याचा आहे. "मग रंग देणंच फसवणूक झाली का? तू दोन दिवस तेच तर करतोयस."

सही मुस्लिममधली एक हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली आहे. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारात धान्याच्या ढिगाजवळून जात होते. त्यांनी ढिगात हात घातला, तर आत बोटांना ओल लागली. विचारल्यावर विक्रेत्याने सांगितलं की पाऊस लागला. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला विचारलं की मग भिजलेलं धान्य लोकांना दिसेल असं वर का ठेवलं नाहीस, आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नसल्याचं बजावलं. यातली एक गोष्ट मला नेहमी जाणवते. पाऊस त्या माणसाने पाडला नव्हता. धान्य भिजणं हा त्याचा गुन्हा नव्हता. कोरडं वर ठेवणं हा होता. भाईजाननी भेग पाडली नाही. पण रंग मारला तर ती झाकली कुणी?

आणि दुसरी गोष्ट, जनावरांचा बाजार करणाऱ्यांना ती चटकन कळेल. विकायच्या आधी एक-दोन दिवस दूध न काढता जनावर बाजारात न्यायचं, म्हणजे कास भरलेली दिसते. प्रेषितांनी (स.) याला मनाई केली आणि अशा खरेदीदाराला जनावर परत करण्याचा हक्क दिला. म्हैस धुवून, शिंगांना तेल लावून बाजारात नेण्याला मात्र कुणी फसवणूक म्हणत नाही. फरक उघड आहे. धुतल्याने म्हैस जशी आहे तशीच नीट दिसते. तुंबवलेल्या कासेने ती जी नाही ती दिसते.

चाकाला हाच नियम लावा. चिखल, डाग, भुकटी काढून रंग देणं म्हणजे म्हैस धुणं. दर्शनी भागावरचा उथळ खड्डा पुट्टीने भरला तर तेवढं सांगून टाकायचं. भेगेवरची पुट्टी म्हणजे तुंबवलेली कास. आपल्या फिकहमध्ये खरेदीदाराला "खियारुल ऐब" आहे, म्हणजे लपलेला दोष निघाला तर माल परत करण्याचा अधिकार. पण चाक मोडलं आणि माणूस पडला, तर तो काय परत करणार? आणि गिऱ्हाईक आपला आहे की परका, मशिदीतला की मंदिरातला, हे त्या ढिगाजवळ कुणी विचारलं नव्हतं. नरसिंहाच्या यात्रेला येणारा माणूसही याच रस्त्याने, याच खड्ड्यांतून जातो.

घराच्या दारात पोहोचल्यावर भाईजान म्हणाले, "उद्या दुसरं चाक बघू."

रविवार : रंग

परभणीहून नवीन चाक मागवलं. पुढच्या चाकाचा रंग सकाळी सुरू केला. त्याची रीत अशी :

आधी थिनरमध्ये भिजवलेल्या स्वच्छ फडक्याने सगळं चाक पुसायचं आणि त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. बोटाचं तेल लागलं की तिथला रंग उचलतो.

साधा प्रायमर अॅल्युमिनियमवर टिकत नाही. घासून उघडा केलेला धातू लगेच पुन्हा ऑक्साइड धरू लागतो. म्हणून घासल्यावर त्याच दिवशी, अॅल्युमिनियमसाठीचा एच प्रायमर किंवा इपॉक्सी प्रायमर मारावा. रंगाच्या दुकानात "अॅल्युमिनियमला चालेल असा" म्हणून स्पष्ट मागा.

हात पातळ मारायचे. एक जाड हात मारण्यापेक्षा तीन पातळ. दोन हातांच्या मध्ये डब्यावर लिहिलेला वेळ द्या. प्रायमरवर सिल्व्हर, त्यावर लॅकर. हार्डनर मिसळायचं दोन डब्यांचं लॅकर जास्त टिकतं, पण त्याच्या फवाऱ्यातल्या आयसोसायनेटने दम्यासारखा त्रास होऊ शकतो. नाकाला रुमाल बांधून तो अडत नाही. असं लॅकर पेंटरच्या दुकानातूनच मारून घ्या. घरी तयार स्प्रेचा डबा पुरतो, तोही अंगणात, मुलांना लांब ठेवून.

हवामान बघा. पावसाळ्यात लॅकर दुधाळ पडतं. एप्रिल-मेच्या उन्हात रंग चाकावर पोहोचेपर्यंत वाळतो आणि खरखरीत बसतो. परभणीत दिवाळी ते फेब्रुवारीचा उरूस या काळातली कोरडी सकाळ सगळ्यात चांगली.

काही जागा रंगापासून वाचवा : ब्रेक ड्रमची आतली बाजू, डिस्क जिथे बसते ती बैठक, बेअरिंगची जागा, एक्सलच्या स्पेसरची बाजू आणि व्हॉल्व्हचं भोक. बोल्टखाली रंगाचा थर राहिला तर तो पुढे दबतो आणि बोल्ट सैल होतो. टायरच्या कडेची जागा बारीक स्क्रबरने गुळगुळीत करा, तिथे जाड रंग नको. डिस्कवर पॉलिश किंवा तेलाचा थेंबही नको, ब्रेक लागणार नाही.

पावडर कोटिंग करून घेणार असाल तर ते अधिक टिकाऊ आहे. पण भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते. बेअरिंग आणि रबरी सील आधी काढून घ्या, आणि भट्टीत जास्त तापमानाला जास्त वेळ ठेवू नका असं सांगा. जादा उष्णतेने चाकाचा कठीणपणा उतरतो. भेग आहे की नाही हे कोटिंगच्या आधीच तपासा. नंतर ती दिसणार नाही.

रंग दिल्यावर निदान एक पूर्ण दिवस टायर चढवू नका.

पुढे काय झालं

दूधवाल्या पोराला भाईजाननी सगळं सांगितलं. जुनं चाकही दाखवलं, नवीनही. तो म्हणाला, विचार करून सांगतो, आणि चार दिवसांनी त्याने गंगाखेडहून दुसरी गाडी घेतली. भाईजानना वाईट वाटलं, मलाही. खरं बोललं की गिऱ्हाईक लगेच हात मिळवतं असं नाही. पंधरा दिवसांनी पोखर्णीच्याच एका शिक्षकांनी गाडी एकवीस हजाराला नेली. चाकाचे चार हजार वजा जाता सतराच उरले, म्हणजे दलाल पहिल्या दिवशी देत होता त्याहून एक हजार कमी. फीला कमी पडले ते भाभींच्या भिशीतून काढले. पुतणीचा प्रवेश पक्का झाला, अलहमदुलिल्लाह.

जुनं चाक भंगारात द्यायच्या आधी भाईजाननी ते लोहाराकडे नेऊन दोन तुकडे करून आणलं. मी विचारलं, कशाला? "अख्खं दिलं तर कुणीतरी रंग मारून विकेल," ते म्हणाले. अॅल्युमिनियमचं भंगार वाया जात नाही. खनिजापासून नवीन धातू काढायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे पाच टक्क्यांतच ते वितळून पुन्हा वापरात येतं.

दारात उभ्या गाडीसाठी

खत वाहून आणलं की त्याच दिवशी चाकं साध्या पाण्याने धुवा आणि फडक्याने कोरडी करा. पावसाळ्यात मडगार्डखालचा चिखल दर आठवड्याला काढा. गाडी गोठ्यापासून चार हात लांब उभी करा. लॅकर शाबूत असेल तर दोन-तीन महिन्यांतून एकदा गाडीचं मेण लावा. नुसत्या पॉलिशच्या उघड्या चाकाला दर महिन्याला लावावं लागेल. लॅकरला टवका गेला तर तिथे लगेच स्वच्छ करून रंगाचा ठिपका द्या, अळी आत जाऊ देऊ नका. आणि वर्षातून एकदा, चाक धुवून कोरडं केल्यावर, प्रत्येक आऱ्याच्या मुळाशी बल्ब तिरका धरून बघा. सरळ रेघ दिसली तर डिझेल आणि खडू काढा. रेघ उठली, तर गाडी उभी करा. कितीही घाई असली तरी.

पुढच्या महिन्यात शिलाई मशीन : टाके का सुटतात आणि दोरा का तुटतो.